कोडमधला हा १२ कसला? आकड्याला नाव कधी द्यायचं, कधी नाही

२१ सप्टेंबर २०२५, रविवार, सर्वपित्री अमावस्या. दुसऱ्या दिवशी घटस्थापना आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू. कोल्हापुरातल्या एका किराणा दुकानाचा बिलिंग प्रोग्रॅम मी बरीच वर्षं सांभाळतोय. दुकानाचे मालक वडिलांचे मित्र, म्हणून माझे काका. जेवणं उरकल्यावर त्यांचा फोन आला, "अरे, बाराचे पाच करायचेत. दहा मिनिटांचं काम ना?"

मीही "हो काका" म्हणून बसलो आणि कोडमध्ये १२ शोधला. दोनशेच्या वर ठिकाणी सापडला. एक १२ तुपावरच्या कराचा, एक वह्यांवरच्या कराचा. एक साबणाच्या डझनाचा. एक वर्षाच्या महिन्यांचा. एक पावतीवरच्या रकमेच्या रकान्याचा. आणि एक गिऱ्हाइकाच्या जीएसटी नंबरातून पॅन कापून काढणारा. सरसकट 'सगळीकडे बदला' दाबलं असतं, तर घटस्थापनेपासून डझनात पाच साबण, वर्षाला पाच महिने आणि पॅन तीन अक्षरांचा झाला असता.

असे उघडे आकडे कोडमध्ये ठेवू नयेत, त्यांना नाव द्यावं, हे कॉलेजात सगळ्यांनाच शिकवतात. अशा आकड्यांना मॅजिक नंबर म्हणतात हेही. पण कोणत्या आकड्याला नाव द्यायचं, काय द्यायचं आणि कोणाच्या वाटेला जायचंच नाही, हे मात्र त्या दिवशी रात्री दोनपर्यंत बसून मी शिकलो. ते इथे क्रमाने लिहितोय.

कोडचे तुकडे वाचायला सोपे जावेत म्हणून मराठीत, पायथनच्या धाटणीने लिहिलेत. पायथन ३ मध्ये देवनागरी नावं खरोखर चालतात, फक्त राखीव शब्द आणि आकडे रोमन लागतात. तुम्ही ज्या भाषेत काम करता तिच्यात उतरवून घ्या.

पायरी १: आकडा त्याच्या सगळ्या सोंगांसकट शोधा

१२ टक्के कर कोडमध्ये फक्त '१२' म्हणून राहत नाही. माझ्याकडे तो इतक्या रूपांत निघाला:

- १२ : सरळ टक्के
- ०.१२ : रकमेला गुणायला
- १.१२ : करासकट किंमत काढायला
- ६ आणि ०.०६ : राज्यातल्या राज्यात विक्री असली की कर अर्धा केंद्राचा, अर्धा राज्याचा, तो अर्धा
- ११२ : एमआरपीतून कर मागे काढायला
- ०.८९३ : याचं काय ते सांगतो

दुकानात एमआरपी करासकट असते. तुपाचा डबा ५६० रुपयांना असेल तर मूळ किंमत ५६० × १०० ÷ ११२, म्हणजे बरोबर ५०० आणि कर ६०. पण सवलतीच्या योजनेचं कोड लिहिताना कधीतरी कोणीतरी (कोणीतरी म्हणजे मीच) १ ÷ १.१२ कॅल्क्युलेटरवर करून तीन दशांश स्थळांचं उत्तर डकवलं होतं:

    मूळ_किंमत = एमआरपी * ०.८९३

५६० ला ०.८९३ ने गुणलं की ५००.०८ येतात. आठ पैशांचा फरक, तोही फक्त योजनेतल्या बिलांवर. १२ शोधा, ११२ शोधा, हा हाती लागतच नाही. ज्या आकड्याचा हिशोब डोक्यात किंवा कॅल्क्युलेटरवर करून फक्त उत्तर कोडमध्ये लिहिलं जातं, तो सगळ्यात घातक. उघड्या १२ वरून निदान अंदाज तरी करता येतो.

म्हणून शोधायच्या आधी कागदावर यादी करा: मूळ आकडा, त्याचे शंभरांश, निम्मा, एक अधिक, शंभर अधिक, उलटा भागाकार. मग एकेक शोधा. आणि फक्त कोडच्या फायलींत नाही. डेटाबेसच्या क्वेऱ्या, रिपोर्टचे साचे, एक्सेलमधले मॅक्रो, आणि अवतरणचिन्हातला मजकूरसुद्धा बघा. माझ्या पावतीवर 'सीजीएसटी ६%' (केंद्राचा अर्धा कर) हे शब्द जसेच्या तसे टाइप केलेले होते. दर बदलून हे राहिलं असतं तर पावतीने रक्कम एक आणि टक्के भलतेच छापले असते.

पायरी २: हा आकडा कोण बदलणार, ते विचारा

यादी झाली की नावं सुचायला लागतात. थोडं थांबा. आधी प्रत्येक आकड्यापुढे लिहा, हा उद्या बदलला तर कोणाच्या सांगण्यावरून बदलेल? आकडा कुठे राहायला हवा हे बहुतेक वेळा यावरूनच ठरतं.

कराचा दर सरकार बदलतं, अमुक तारखेपासून. त्याची जागा कोडमध्ये नाहीच. त्याबद्दल पायरी ५ मध्ये.

घरपोच सामानासाठी किमान बिल किती, उधारी किती दिवसांची, हे काका ठरवतात. दिवाळीत वेगळं, एरवी वेगळं. त्यासाठी मला फोन यायचं कारण नाही, ते सेटिंगच्या पानावर जावं. पावतीच्या कागदाची रुंदी प्रिंटर बदलला की बदलते, तीही सेटिंगमध्ये.

सर्व्हरने उत्तर दिलं नाही तर किती वेळा पुन्हा प्रयत्न करायचा, एका पानावर किती ओळी दाखवायच्या, हे मी ठरवतो. खरा कॉन्स्टंट, म्हणजे नाव दिलेला न बदलणारा आकडा, तो हा. कोडमध्ये, वर, नाव देऊन.

डझनात बारा नग. हे कोणीच बदलणार नाही.

इथे एक सावधगिरी. हे वर्गीकरण जमायला लागलं की सगळंच सेटिंगमध्ये टाकायचा मोह होतो. नका करू. सेटिंगचा प्रत्येक रकाना म्हणजे दुकानातल्या नव्या पोराला चूक करायला दिलेली आणखी एक जागा. डझनाचा आकडा सेटिंगच्या पानावर दिसला तर कोणीतरी तो एक दिवस दहा करणारच.

पायरी ३: नाव किमतीवरून नको, अर्थावरून द्या

आता माझी खरी फजिती. मी अगदीच बेशिस्त नव्हतो. मागे एकदा निम्म्या कोडमध्ये साफसफाई करून ठेवली होती:

    जीएसटी_५ = ५
    जीएसटी_१२ = १२
    जीएसटी_१८ = १८

तेव्हा छाती फुगली होती. अमावस्येच्या त्या दुपारी हीच नावं निरुपयोगी ठरली. २२ सप्टेंबरपासून तूप १२ वरून ५ वर आलं. शाळेच्या वह्या १२ वरून शून्यावर. कागदाचे काही प्रकार १२ वरून उलट १८ वर चढले. अंगाचा साबण तर १८ वरून थेट ५ वर. मग 'जीएसटी_१२' चं काय करू? त्याची किंमत ५ केली तर नाव खोटं पडतं आणि वह्यांवर कर लागतो. शून्य केली तर तुपाचा कर बुडतो. आकड्याला मी फक्त टोपी घातली होती, आत तोच उघडा आकडा होता.

परीक्षा सोपी आहे. किंमत बदलली तरी नाव खरं राहतं का? 'तूप_कर_दर' खरं राहतं. 'जीएसटी_१२' राहत नाही. 'बारा = १२' तर विनोदच, पण असं कोड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, तपासणीच्या टूलने कटकट करू नये म्हणून लिहिलेलं.

याची दुसरी बाजू अशी की किंमत सारखी असली तरी अर्थ वेगळा असेल तर नावं वेगळी हवीत. मोबाइल नंबर १० अंकी आणि पॅन १० अक्षरी. पिनकोड ६ अंकी आणि ओटीपीही बहुधा ६ अंकी. म्हणून 'लांबी_६' नावाचा एकच कॉन्स्टंट दोन्हीकडे वापरू नका. उद्या बँकेने ओटीपी आठ अंकी केला की तुमचा फॉर्म लोकांकडे आठ अंकी पिनकोड मागत बसेल.

जीएसटी नंबराचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. तो १५ अक्षरी असतो. पहिली दोन राज्याची, पुढची दहा पॅनची. माझ्या कोडमध्ये होतं:

    पॅन = जीएसटीएन[२:१२]
    जर जीएसटीएन[०:२] == "२७":
        कर_दोन_भागांत()

इथला १२ कराचा नाही, डझनाचाही नाही, २ अधिक १० आहे. आणि २७ म्हणजे महाराष्ट्र. गोव्याचा ३०, कर्नाटकचा २९. ही ओळ लिहिली तेव्हा मला पाठ होतं, वर्षभराने नव्हतं. सुधारून:

    राज्य_कोड_लांबी = २
    पॅन_लांबी = १०
    पॅन_शेवट = राज्य_कोड_लांबी + पॅन_लांबी

    पॅन = जीएसटीएन[राज्य_कोड_लांबी:पॅन_शेवट]
    जर राज्य(जीएसटीएन) == दुकानाचं_राज्य:
        कर_दोन_भागांत()

२७ ला नुसतं 'महाराष्ट्र' असं नाव दिलं असतं तरी वाचायला बरं झालं असतं. पण खरा प्रश्न 'गिऱ्हाईक महाराष्ट्रातलं आहे का' हा नव्हताच, 'गिऱ्हाईक आणि दुकान एकाच राज्यात आहेत का' हा होता. नाव शोधता शोधता अटच चुकीची निघाली. कोल्हापूरहून बेळगाव काही लांब नाही. काकांनी उद्या तिथे दुकान थाटलं असतं, तर जुन्या कोडने तिथल्या तिथे झालेल्या विक्रीवर दोन राज्यांमधला कर लावला असता. राज्यांच्या कोडचा संच म्हणून एनम, म्हणजे ठरावीक नावांची यादी, करा. आणि तेही दगडावरची रेघ समजू नका: २०२० साली दमण-दीव आणि दादरा-नगर हवेली हे केंद्रशासित प्रदेश एक झाले, तेव्हा २५ गेला आणि २६ राहिला.

नावात आणखी दोन गोष्टी याव्यात. पहिली, एकक. 'थांबा = ३०' म्हणजे काय? पायथनच्या स्लीपला ३० दिले तर अर्धा मिनिट, जावास्क्रिप्टच्या सेट-टाइमआउटला ३० दिले तर डोळ्याची पापणीही लवत नाही, कारण तिथे मिलिसेकंद मोजतात. 'थांबा_सेकंद' लिहिलं की वाद मिटला. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी गमावलं, ते एका बाजूचं सॉफ्टवेअर पाउंड-सेकंदांत आकडे देत होतं आणि दुसरी बाजू ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती म्हणून. फरक साधारण साडेचार पटींचा.

दुसरी, मर्यादा असेल तर ती धरून की सोडून. माल वाहून नेताना लागणाऱ्या ई-वे बिलाचा नियम '५०,००० रुपयांपेक्षा जास्त' असा आहे, बरोबर पन्नास हजारांना लागू नाही. 'मर्यादा' या नावातून ते कळत नाही. 'ई_वे_बिल_शिवाय_कमाल' म्हटलं की तुलनेचं चिन्ह आपोआप बरोबर पडतं. शिवाय महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल जात असेल तर ही मर्यादा एक लाख आहे, म्हणजे एक नाव पुरणारच नाही. २०२५ मध्ये बँकेत रोख भरताना पॅन लागायचा तोही ५०,००० च्या वर. तो आकडा याच्याशी जोडू नका, त्यांचं नातं काही नाही.

पायरी ४: एकच लिहा, बाकीचे त्यातून काढा

सहा रूपांतला कर आठवा. सहा कॉन्स्टंट करणं हा उपाय नाही, मग सहा ठिकाणी बदलावं लागेल. दर एकच, टक्क्यांत. बाकी सगळं हिशोबाने:

    मूळ_किंमत = एमआरपी * १०० / (१०० + दर)
    कर = एमआरपी - मूळ_किंमत
    केंद्र_कर = कर / २
    पावती_मजकूर = "सीजीएसटी " + (दर / २) + "%"

०.८९३ इथे जन्मालाच येत नाही. दराचा रकाना पूर्णांक मात्र ठेवू नका: ५ चा निम्मा २.५, सोन्यावरच्या ३ चा निम्मा १.५. पैशांसाठी डेसिमल प्रकार वापरत असाल तर त्याला आकडा अवतरणचिन्हात द्या, "०.०५" असा. उघडा दशांश दिला तर बायनरीतला अपुरेपणा त्याच्यासोबत आत येतो.

पावतीच्या रुंदीचंही तसंच. ८० मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर नेहमीच्या अक्षरात एका ओळीत ४८ अक्षरं बसतात. माझ्या कोडमध्ये २०, ६, १०, १२ असे चार आकडे विखुरले होते, आणि त्यांची बेरीज ४८ होते हे कुठेच लिहिलं नव्हतं.

    ओळ_रुंदी = ४८
    नग_रुंदी = ६
    दर_रुंदी = १०
    रक्कम_रुंदी = १२
    नाव_रुंदी = ओळ_रुंदी - नग_रुंदी - दर_रुंदी - रक्कम_रुंदी

आता ५८ मिलिमीटरचा छोटा प्रिंटर लावा. ओळीत ३२ अक्षरं, म्हणजे नावासाठी उरली चार. चार अक्षरांत वस्तूचं नाव काय डोंबल बसणार! पण ही अडचण आता कोड लिहितानाच दिसते. पूर्वी ती काउंटरवर, गिऱ्हाइकासमोर, वेडीवाकडी पावती बाहेर आल्यावर दिसली असती.

वेळेच्या हिशोबातही उत्तर लिहू नका, गणित लिहा. १९८०० हा आकडा भारतातल्या किती कोडमध्ये आहे कोण जाणे. भारतीय वेळ आणि जागतिक प्रमाणवेळ यांतला फरक, सेकंदांत. '५ * ३६०० + ३० * ६०' लिहिलं तर निदान साडेपाच तास डोळ्यांना दिसतात. त्याहून बरं म्हणजे तो आकडा लिहूच नये, लायब्ररीकडून 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन मागावा. 'दिवस = ८६४०० सेकंद' आपल्याकडे खपून जातं. न्यू जर्सीतल्या गिऱ्हाइकाकडे घड्याळ मागेपुढे होतं, तिथे वर्षातला एक दिवस २३ तासांचा आणि एक २५ तासांचा निघतो.

पायरी ५: तारखेने बदलणारा आकडा तक्त्यात ठेवा

तुपाचा दर 'तूप_कर_दर = ५' असा कॉन्स्टंट केला तरी काम संपत नाही. समजा १८ सप्टेंबरला नेलेला डबा गिऱ्हाइकाने २५ ला परत आणला. मूळ बिल १२ टक्क्यांचं, तर परतीची क्रेडिट नोटही १२ टक्क्यांनीच करायला हवी. कोडमध्ये ५ असेल तर हिशोब जुळणार नाही. मागच्या महिन्याचा रिपोर्ट पुन्हा काढला तर तोही बदललेला येईल, आणि ते कुणाच्या लक्षातही येणार नाही.

ज्याच्या दोन किमती एकाच वेळी खऱ्या असू शकतात, त्याला कॉन्स्टंट म्हणायचं कसं? तो तक्ता आहे:

    वस्तू     पासून            दर
    तूप      २०१७-०७-०१    १२
    तूप      २०२५-०९-२२     ५
    वही      २०१७-०७-०१    १२
    वही      २०२५-०९-२२     ०
    साबण    २०१७-०७-०१    १८
    साबण    २०२५-०९-२२     ५

यात फक्त 'पासून' ठेवा, 'पर्यंत' नको. दोन्ही ठेवले की कधीतरी मध्ये एक दिवस रिकामा राहतो किंवा दोन दर एकमेकांवर चढतात. बिलाच्या तारखेपर्यंतच्या नोंदींपैकी शेवटची, तोच दर:

    फंक्शन कर_दर(वस्तू, बिल_तारीख):
        नोंदी = तक्त्यातल्या ज्यांची वस्तू == वस्तू
                आणि पासून <= बिल_तारीख
        परत नोंदींतली शेवटची.दर

तारीख बाहेरून द्या. फंक्शनच्या पोटात 'आजची तारीख' घेतलीत तर परतीच्या बिलाला पुन्हा तोच घोळ. बाहेरून दिली की आणखी एक सोय होते: नवे दर चार दिवस आधी तक्त्यात भरून ठेवता येतात, आणि अमावस्येच्या रात्री जागावं लागत नाही. दर जाहीर झाले ३ सप्टेंबरला, लागू झाले २२ ला. मला मिळाले होते अठरा-एकोणीस दिवस. मी वापरली एक रात्र.

पायरी ६: हे आकडे तसेच राहू द्या

नावं द्यायची चटक लागली की कोड वाचणं उलट अवघड होतं. मी हात लावत नाही ते आकडे असे.

लूप सुरू करणारा ०, पुढे सरकणारा १, सम-विषम बघणारा २. 'सुरुवात_शून्य = ०' लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा वेळच घेतलाय.

सूत्रातले आकडे. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना ९/५ आणि ३२ शाळेत शिकल्यासारखे दिसले पाहिजेत. फंक्शनचं नावच त्यांचं स्पष्टीकरण आहे. पाय (π) मात्र स्वतः ३.१४ लिहू नका, भाषेच्या लायब्ररीत तयार असतो.

टक्क्यांतला १०० मी उघडाच ठेवतो, एक अपवाद सोडून. रक्कम पैशांत साठवत असाल तर 'रक्कम * दर / १०० / १००' अशी ओळ तयार होते, आणि पहिला शंभर टक्क्यांचा की रुपयाच्या पैशांचा हे देवाला ठाऊक. तिथे 'पैसे_प्रति_रुपया' असं नाव द्या. दोघांपैकी एकाला दिलं तरी पुरतं.

डझन आणि महिने? दोन्ही बारा, दोन्ही न बदलणारे. 'वार्षिक_भाडं / १२' मी तसंच ठेवतो, शेजारचा 'वार्षिक' शब्द पुरेसा आहे. 'नग / १२' ला मात्र 'नग_प्रति_डझन' केलं, कारण तिथे हा डझन आहे की बारा नगांचा खोका, हे ओळीवरून कळत नव्हतं. बदलणार नसलेल्या आकड्यालाही वाचणाऱ्यासाठी नाव लागू शकतं. आजूबाजूच्या शब्दांवरून कळत असेल तर लागत नाही.

आणि टेस्ट, म्हणजे कोड तपासणारं कोड. टेस्टमध्ये उत्तरं उघड्या आकड्यांतच लिहा: ५६० च्या तुपाला मूळ ५००, केंद्राचे ३०, राज्याचे ३०. मुख्य कोडमधलेच कॉन्स्टंट वापरून टेस्टमध्ये उत्तर काढलं तर कॉन्स्टंट चुकला तरी दोन्हीकडे सारखाच चुकेल, आणि टेस्ट हिरवीच राहील.

पायरी ७: भाषेभाषेतले खड्डे

सी मध्ये हॅश-डिफाइन म्हणजे नुसती मजकुराची अदलाबदल. 'एकूण_ओळी' ची व्याख्या ५ + ३ अशी कंसाशिवाय केलीत, तर 'एकूण_ओळी * २' चं उत्तर १६ नाही, ११ येतं, कारण गुणाकार फक्त ३ चा होतो. कंस घालायची सवय लावा, किंवा पूर्णांकांसाठी एनम वापरा.

जावातला खड्डा मला जास्त महाग पडलाय. स्टॅटिक फायनल आकडा दुसऱ्या क्लासने वापरला की कंपाइल होताना त्याची किंमत त्या दुसऱ्या क्लासमध्ये कोरली जाते. तुम्ही कॉन्स्टंटवाली जार फाइल बदलता, बाकीच्या तशाच ठेवता, आणि जुना आकडा चालूच राहतो. सगळं पुन्हा कंपाइल करा. सी-शार्पच्या कॉन्स्टचंही हेच. बाहेरच्यांना वापरायला द्यायचा आणि पुढे बदलू शकणारा आकडा असेल तर तिथे स्टॅटिक रीडओन्ली ठेवा.

जावास्क्रिप्टचा कॉन्स्ट नाव बांधून ठेवतो, आतला माल नाही. कॉन्स्ट यादीत कोणीही नवी नोंद घुसवू शकतो. ऑब्जेक्ट-फ्रीझने ते अडतं, पण तेही वरच्या थरापुरतंच.

पायथनमध्ये खरा कॉन्स्टंट नाहीच. मोठ्या लिपीतलं नाव ही सभ्य लोकांमधली समजूत आहे. ३.८ पासून फायनल आलं, पण ते टाइप तपासणारं टूल बघतं, प्रोग्रॅम चालताना कोणी अडवत नाही. आणि ३.१० मधल्या मॅच-केसमध्ये एक भारी सापळा आहे: केसपुढे नुसतं 'महाराष्ट्र' लिहिलंत तर पायथन त्याच्याशी तुलना करत नाही, समोर आलेली किंमत त्या नावात भरतो. म्हणजे कुठलंही राज्य आलं तरी तीच केस जुळते. 'राज्य.महाराष्ट्र' असं ठिपक्याचं नाव द्या, मग तुलना होते. एनमचा इथे आणखी एक फायदा.

पायरी ८: बदल करताना

आधी जुन्या कोडने मागच्या महिन्याची सगळी बिलं पुन्हा काढून फाइलमध्ये ठेवा. मग एका वेळी एकच आकडा घ्या, त्याला नाव द्या, बिलं पुन्हा काढा, दोन फायली ताडून बघा. फरक शून्य पैसे यायला हवा. आला की कमिट, म्हणजे तो बदल नोंदवून पक्का करा. नाव देणं आणि किंमत बदलणं एकाच कमिटमध्ये कधीही करू नका, नाहीतर फरक दिसल्यावर तो हवा असलेला की चुकीचा, हे कळत नाही. मला योजनेतल्या बिलांवर आठ-आठ पैशांचा फरक दिसला, त्याच्या मागे गेलो तेव्हाच ०.८९३ सापडला. डोळ्यांनी तो दिसला नव्हता.

कॉन्स्टंट जिथे वापरतो त्याच फाइलच्या डोक्यावर ठेवा. पावतीच्या रुंद्या पावतीच्या फाइलमध्ये, जीएसटी नंबराची मोजमापं त्याच्या फाइलमध्ये. सगळ्यांची मिळून 'कॉन्स्टंट्स' नावाची एक मोठी फाइल केलीत तर ती घरातल्या माळ्यासारखी होते, टाकतात सगळे, आवरत कोणी नाही.

तपासणीची टूल्स लावायची असतील तर ईएसलिंटमध्ये 'नो-मॅजिक-नंबर्स' नियम आहे, जावासाठी चेकस्टाइल आहे आणि ते −१, ०, १, २ मुळातच सोडून देतं. पायलिंटमध्येही सोय आहे. मी ती फक्त नव्या कोडवर लावतो, आणि इशारा म्हणून. चूक म्हणून नाही. सक्ती केली की 'बारा = १२' उगवायला लागतात.

२५ तारखेला खरंच एक डबा परत आला. झाकणाला पोचा होता. जुनं बिल शोधलं, क्रेडिट नोट निघाली: मूळ ५००, कर ६०, एकूण ५६० परत. तोच डबा आता नव्या दराने ५२५ ला विकायचा होता. काकांचा लगेच फोन. "अरे, माझे पस्तीस रुपये गेले की रे!"

"तुमचे नाहीत काका, सरकारचे. तुमचे पाचशे तसेच आहेत."

त्यांनी दोन्ही पावत्या शेजारी धरून बघितल्या असाव्यात. बराच वेळ फोनवर काही आवाज नव्हता. मग म्हणाले, "बरं. आणि तो डझनाचा रकाना जरा रुंद कर, आकडा कापला जातोय."